बंद फाटकाआड काय चालतं, हे विचारायलाच हवं

ताई, नमस्कार.

जखमी वन्यप्राण्यांना मदत करण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लांब आहे, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं: जखमी वन्यप्राण्यांच्या केंद्राला देणगी द्यायची, पण आत पाऊल टाकायचं नाही, मुलांना बिबट्याचं पिल्लू लांबूनसुद्धा बघू द्यायचं नाही, हा कुठला न्याय? बंद दाराआड पैसे खाल्ले जात नाहीत कशावरून? आणि क्रॉफर्ड मार्केटमधून दोन पोपट विकत घेऊन तुम्ही गच्चीवरून सोडलेत. एक उडाला, दुसऱ्याला उडता येईना म्हणून तो घरीच आहे. निदान एक जीव तर वाचला, मग मी त्याला चूक का म्हणते?

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही मला बरोबर पकडलंत. 'चांगलं केंद्र लोकांना आत घेत नाही' हे माझं वाक्य अर्धवट होतं. फाटक बंद ठेवणं फसवणाऱ्यालाही सोयीचंच असतं. पूर्ण वाक्य असं हवं होतं: केंद्राने प्राणी दाखवायला नकार दिला तर राग मानू नका, पण हिशेब आणि नोंदी दाखवायला नकार दिला तर एक रुपयाही देऊ नका.

प्राणी का दाखवत नाहीत? बिबट्याच्या पिल्लाचंच घ्या. जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी अशी पिल्लं सापडतात. वन विभाग आणि माणिकडोह बिबट निवारा केंद्रात काम करणारे पशुवैद्य पिल्लाला तपासतात, खोक्यात किंवा क्रेटमध्ये घालतात आणि अंधार पडायच्या सुमाराला सापडल्या जागीच ठेवतात. कॅमेरा लावून माणसं लांब सरकतात. बहुतेकदा आई रात्रीतून येते आणि तोंडात धरून एकेक पिल्लू नेते. हे फसतं ते बांधावर गर्दी जमते तेव्हा. मोबाइलचे दिवे आणि आवाज असले की मादी जवळच फिरत राहते, पण शेतात शिरत नाही. म्हणजे जे पिल्लू मुलांना दाखवावंसं वाटतं, ते एव्हाना आईजवळ असायला हवं. आणि ज्याला आई मिळालीच नाही ते पिल्लू माणसांना सरावलं, तर पुढे त्याला सोडणं धोक्याचं होतं. न घाबरता वस्तीत येणारा बिबट्या पुन्हा पिंजऱ्यातच येतो, आणि मग आयुष्यभर तिथेच राहतो.

दुसरं कारण रोगाचं. २०१८ साली गीरमध्ये सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा कुत्र्यांचा आजार. पाहुण्याच्या घरी आजारी कुत्रा किंवा मांजर असेल तर चपला-कपड्यांवरून जंतू आत येऊ शकतात. म्हणून ज्या केंद्रात पाहुण्यांना घेतात तिथे दारातच जंतुनाशकाच्या पाण्यात पाय बुडवायला लावतात. घरी पाळीव जनावर आहे का, असं कुणी विचारलं तर समजा की माणसं जाणकार आहेत. विचारलं नाही, तरी आपणहून सांगा.

आता पैशांचं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाला दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशेब सादर करावा लागतो. त्याची प्रत मागा. ८०जीचं प्रमाणपत्र पुढे केलं तर ते फक्त आयकराच्या सवलतीपुरतं आहे हे लक्षात ठेवा, पिंजऱ्याची लांबी-रुंदी त्यात लिहिलेली नसते. त्यापेक्षा महत्त्वाचा कागद म्हणजे वन विभागाची परवानगी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे बेकायदा पकडलेला किंवा पाळलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. तो ज्याच्या हाती येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं. 'आमच्या घरीच रेस्क्यू सेंटर आहे' असं म्हणणाऱ्याला आधी हाच प्रश्न विचारा.

मग नोंदवही. आवक, सुटका, मृत्यू, हस्तांतर, शिल्लक असे पाच रकाने. समजा वर्षाच्या सुरुवातीला ४० प्राणी होते, वर्षात ३०० आले, १७० सोडले, १०० मेले, २० दुसऱ्या केंद्रात गेले, तर ५० शिल्लक दिसायला हवेत. बेरीज जुळली नाही तर प्राणी कुठे गेले, हे विचारायचा देणगीदाराला पूर्ण हक्क आहे. आणि मृत्यूचा रकाना रिकामा असेल तर खूश होऊ नका. मांजाने कापलेली, विजेचा धक्का बसलेली, कुत्र्यांनी फाडलेली जनावरं येतात, त्यातली बरीच पहिल्याच दिवशी जातात. जिथे कुणी मरत नाही, तिथे एक तर नोंद खोटी आहे किंवा गंभीर प्राणी दारातूनच परत पाठवले जातात. मला स्वतःला मृत्यूचा मोठा आकडा कारणांसह लिहिणारं केंद्र जास्त विश्वासाचं वाटतं.

आणखी दोन गोष्टी बघा. कायमच्या मुक्कामी प्राण्यांना पिल्लं होऊ देतात का? जागा अपुरी असताना पैदास करणं म्हणजे दाखवण्यासाठी पिल्लं तयार करणं. आणि त्यांचं इन्स्टाग्राम बघा. मांडीवर पिल्लू, खांद्यावर घुबड, बाटलीने दूध पाजतानाचे हसरे फोटो दिसले तर तिथे देणगी नको.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून सांगते. मोठ्या बिबट्याला दिवसाला साधारण तीन ते चार किलो मांस लागतं, आठवड्यातून एक दिवस उपास असतो. म्हणजे एका बिबट्याला वर्षाला हजारेक किलो, आणि पिंजऱ्यात तो पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. वाढदिवसाला एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा महिन्याला ठरावीक पाचशे रुपये त्यांना जास्त उपयोगी पडतात, कारण मांसवाल्याचं बिल आणि कामगारांचा पगार दर महिन्याला येतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात प्राणी दत्तक योजना आहे. त्यात वर्षाचा खर्च उचलायचा असतो, प्राणी अर्थातच तिथेच राहतो. वस्तू द्यायच्या तर आधी फोन करून यादी विचारा. रद्दी पेपर आणि जुन्या सुती चादरी बहुतेक ठिकाणी चालतात. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फासात पक्ष्यांची नखं अडकतात.

मुलांना काही दाखवायचंच असेल तर ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. हंगामात तिथून खाडीत बोटीने जाऊन रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघता येतात, मोकळे, शेकड्यांनी. आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी मुलांना घेऊन सोसायटीच्या गच्चीवरचा, हाताला येईल तेवढ्या झाडांवरचा मांजा गोळा करा. हातमोजे घाला. गोळा करून तसाच टाकू नका, कचऱ्यात पुन्हा पाय अडकतात. कात्रीने बोटभर तुकडे करा, पिशवीत बांधा, मग टाका.

मांजात अडकलेली घार सापडलीच तर दोरा ओढू नका. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत पातळ कातडीचा पडदा असतो, मांजा नेमका तिथे रुततो. ओढला की आतली शीर-स्नायूबंध कापला जातो आणि घार पुन्हा कधीच उडत नाही. दोन्ही बाजूंना वीतभर दोरा ठेवून कापा, अंगावर जाडसर सुती कापड टाका, पंख मिटवून साधारण दोन फुटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. बाजूंना बोट जाईल एवढी आठ-दहा भोकं पाडा, झाकण लावून अंधार करा. चोचीत पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. दूध-पाव तर मुळीच नको. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, किंवा परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात न्या. आणि पोपटाच्या तारेच्या पिंजऱ्यात कधीच ठेवू नका. तारांवर आपटून शेपटीची नि पंखांची पिसं मोडतात. मोडलेलं पीस वाढत नाही, ते गळून नवं येईपर्यंत थांबावं लागतं. जखम तीन आठवड्यांत भरते आणि पिसांपायी पक्षी महिनोन् महिने अडकतो.

यावरून तुमच्या पोपटांकडे येते. तुमची कळकळ खरी आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते. विक्रेत्याच्या दृष्टीने तुम्ही गिऱ्हाईक होतात. रिकामा झालेला पिंजरा तो पुन्हा भरतो, आणि त्यासाठी ढोलीतून काढलेल्या पिल्लांपैकी काही वाटेतच मरतात. उडालेला पोपटही जगेलच असं नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला खाणं शोधता येत नाही, कावळ्यांपासून वाचता येत नाही. पुढच्या वेळी पोपट दिसले तर विकत घेऊ नका, दुकानाची जागा आणि वेळ टिपून १९२६ वर कळवा.

घरी आहे त्या पोपटाचे पंख उघडून बघा. बाहेरची लांब पिसं सरळ रेषेत कापलेली दिसली तर हाड शाबूत असण्याची शक्यता मोठी आहे. कापलेले देठ गळून नवी पिसं आली की तो उडू शकेल. देठ उपटू नका, रक्तस्राव होतो. पंख एका बाजूला लोंबत असेल तर फ्रॅक्चर असू शकतं, मग आजच दाखवा. दोन्ही बाबतींत त्याला घरी ठेवता येणार नाही. आपल्याकडचे रानातले पोपट पाळणं हा गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. वन विभागाला स्वतःहून फोन करा, कुठे आणि कसा मिळाला ते खरं सांगा, सोपवल्याची लेखी पोच घ्या. तोवर पेरू, हिरवी मिरची, मक्याचं कणीस द्या, एवोकॅडो आणि चॉकलेट चुकूनही नको, पाण्याची वाटी जड ठेवा म्हणजे तो उलटवणार नाही. आणि त्याला बोलायला शिकवू नका.