फेरेरो नुटेलामुळे इटलीबाहेर गेली? नाही, आधीच गेली होती

‘1964 साली नुटेलाची बरणी आली आणि एका छोट्या मिठाईवाल्याची जगभर कंपनी झाली’ असा मजकूर सध्या फिरतोय. साल बरोबर आहे, क्रम मात्र उलटा आहे.

पावावर फासायचं कोको-हेझलनटचं नुटेला बनवणारी फेरेरो कंपनी पिएत्रो फेरेरो यांनी 1946 मध्ये इटलीतल्या आल्बा गावी सुरू केली. युद्धानंतर कोको महाग आणि दुर्मिळ होता, पण आसपासच्या टेकड्यांवर हेझलनट भरपूर पिकत. म्हणून कोको थोडा, हेझलनट जास्त. या मिश्रणाची चांदीच्या कागदात गुंडाळलेली घट्ट लादी मिळायची. सुरीने काप काढायचा आणि पावावर ठेवायचा. फासायचं काही नव्हतंच! ते मऊ रूप 1951 मध्ये ‘सुपरक्रेमा’ नावाने आलं.

पिएत्रो 1949 मध्येच वारले. विक्रीची बाजू त्यांचे भाऊ जोव्हान्नी यांनी उभी केली, हे नाव तर असल्या मजकुरात सहसा नसतंच. जर्मनीतला कारखाना 1956 चा, म्हणजे नुटेलाच्या आठ वर्षं आधीचा. सुपरक्रेमाची कृती सुधारून नुटेला हे नाव दिलं ते पिएत्रो यांचे चिरंजीव मिकेले यांनी.