अंबाड्यातला बॉम्ब

इंग्रजी चित्रपट एकट्याने पाहणे हा विरंगुळा आणि आत्यासोबत पाहणे ही नोकरी, हे पक्के ठाऊक असूनही गेल्या रविवारी दुपारी मी जॉन वॉटर्स यांचा १९८८ सालचा ‘हेअरस्प्रे’ लावला आणि फसलो. पडद्याखालची अक्षरे फार पळतात, अशी आत्याची जुनी तक्रार असल्यामुळे धृतराष्ट्राला युद्ध सांगणाऱ्या संजयाचे काम आपोआप माझ्याकडे आले.

कथा १९६२ सालच्या बॉल्टिमोरमधली. ट्रेसी नावाच्या गुबगुबीत शाळकरी मुलीला दूरदर्शनवरच्या नाचाच्या कार्यक्रमात शिरायचे असते आणि ती नाचाच्या जोरावर शिरतेही; मात्र केसांच्या डोलाऱ्यापायी शाळेत तिची रवानगी मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात होते. “आमच्या वेळी वेणी सुटली तरी छडी बसायची,” एवढेच बोलून आत्याने शेंगा सोलायला घेतल्या.

माझी खरी धास्ती ट्रेसीच्या आईबद्दल होती, कारण ती भूमिका डिव्हाईन नावाच्या धिप्पाड पुरुषाने केलेली आहे. त्याचा खुलासा कसा करावा याची मनात जुळवाजुळव चालली असतानाच आत्या म्हणाली, “पुरुष आहे ना? आप्पांनी बालगंधर्वांच्या नाटकांपायी अर्धा पगार घालवला, मला काय सांगतोस! शालूची ऐट नाही, पण इस्त्री मात्र अगदी संसारी बाईसारखी करतो हो.” पुढे त्याच नटाने वाहिनीच्या मालकाचीही भूमिका केली आहे, म्हणजे मुलगी नाचणार त्या आईचीही आणि कृष्णवर्णीय मुलांना आत घेणार नाही म्हणणाऱ्या शेठजीचीही. त्या शेठजीकडे चष्मा पुसून दोनदा पाहत आत्याने निकाल दिला, “हा मात्र पुरुष वाटत नाही.”

मग ती अवघड जागा आली. कार्यक्रमात एरवी सगळी गोरीच मुले नाचतात आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी महिन्यातून एक दिवस राखून ठेवलेला असतो, हे मी शक्य तितक्या सपाट आवाजात सांगितले.

“आणि बाकीचे एकोणतीस दिवस?”

“घरी बसून गोऱ्यांचा नाच बघायचा.”

शेंगा थांबल्या. “आमच्या वाड्यात कान तुटलेला एक कप वळचणीला उलटा घातलेला असायचा,” ती म्हणाली. “चहा रोज द्यायचे हं. कप तेवढा तिथला.” यावर संजयाला काही सुचले नाही. पडद्यावर त्या वेळी माणसे रांगेत उभी राहून हुकमानुसार पावले टाकणारा मॅडिसन नाच चालू होता.

शेवटाकडे खलनायिकेच्या उंच टोपात लपवलेला बॉम्ब भलत्याच वेळी उडतो, टोप तिच्याच लेकीच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि झुरळांच्या नक्षीचा झगा घातलेली ट्रेसी गोऱ्या-काळ्या सगळ्यांना घेऊन नाचते. आत्याला हा अंबाड्यातला बॉम्ब इतका आवडला की तो मला तीनदा मागे नेऊन दाखवावा लागला.

“खरंच झालं असं?” तिने विचारले, आणि मी मूर्खासारखा खरे बोलून गेलो. ज्यावरून हे रचले तो ‘बडी डीन शो’ बॉल्टिमोरमध्ये १९५७ पासून खरोखरच चालत होता. सर्वांना एकत्र नाचू देण्याची मागणी वाढल्यावर १९६४ च्या जानेवारीत वाहिनीने ती मान्य करण्याऐवजी कार्यक्रमच गुंडाळला.

“नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं,” आत्या म्हणाली. “दुसऱ्यांनी नाचू नये म्हणून अंगणच उखडलं म्हण की.”

एवढे बोलून तिने पदर खोचला, तो रांगेतला नाच पुन्हा लावायला सांगितला आणि आपल्याबरोबर मलाही उभे केले. मंगळागौरीच्या अनुभवावर पहिली चार पावले तिने बिनचूक टाकली. पाचव्याला डावा गुडघा बोलला. सध्या त्याला सकाळ-संध्याकाळ मलम चोळण्याचे कामही संजयाकडेच आहे.