कूळ गोरं, मालक माओरी

न्यूझीलंडमध्ये काहीही मोडलं की नंबर आठची तार शोधतात. चारेक मिलिमीटर जाडीची ही कुंपणाची तार. तिनं गेट बांधतात, सायलेन्सर बांधतात आणि ‘आम्ही कशातूनही मार्ग काढतो’ हा इथल्या शेतकऱ्याचा अभिमानही तिलाच टांगलेला असतो. मी तारानाकी प्रांतात, दुधाच्या धंद्यात. अशा तारेखालून वाकून जाण्यातच दिवस सरतो.

गावाकडच्या ग्रुपवर ‘गुलामीच्या खुणा पुसा’ यावरून सध्या जुंपली आहे. २०२२ मध्ये राजपथाचा कर्तव्यपथ झाला, आता आपल्याकडच्या पाट्यांची यादी चालू आहे. नावं बदला, माझी ना नाही. इथल्या पर्वताचं एगमाँट नावही २०२५ मध्ये कायद्यानं गेलं आणि तो पुन्हा तारानाकी मौंगा झाला. पण खुणा शोधायच्याच तर बांधावर या.

१८६५ मध्ये सरकारनं इथली सुमारे बारा लाख एकर जमीन ‘बंडाची शिक्षा’ म्हणून जप्त केली. बंडाशी संबंध नसलेल्या माओरींचीही, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचीही. १८७९ मध्ये मोजणीदार आले, तेव्हा लोकांनी त्यांना सामानसुमानासकट नदीपलीकडे नेऊन सोडलं. मारहाण नाही, काही नाही. मग त्याच वर्षी मे महिन्यात पारिहाका गावचे लोक औतं जुंपून गोऱ्यांच्या कुरणांत शिरले आणि खुशाल नांगरू लागले. एक टोळी पकडली की दुसरी नांगर धरायची. शेकडो जणांना खटल्याविना दक्षिण बेटावरच्या तुरुंगांत धाडलं. पुढच्या वर्षी शिपायांनी रस्त्यासाठी पिकांभोवतीची कुंपणं तोडली. गावकऱ्यांनी ती परत घातली. परत तोडली, परत घातली. शेवटी १८८० च्या कायद्यानं तिथं नांगरणं आणि कुंपण घालणं हाच गुन्हा ठरवला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. ५ नोव्हेंबर १८८१ ला सुमारे सोळाशे हत्यारबंद माणसं गावात घुसली. समोर पोरं गाणी म्हणत होती. गाव मोडून टाकलं.

उरलीसुरली जमीन ‘राखीव’ म्हणून माओरींच्या नावावर राहिली, पण १८९२ च्या कायद्यानं ती गोऱ्या शेतकऱ्यांना कायमच्या खंडानं दिली. दर २१ वर्षांनी करार नवा होणार, कूळ म्हणेल तितक्या वेळा. मालकाला ‘नाही’ म्हणायची सोयच नाही. १९९७ च्या दुरुस्तीनंतर खंड बाजारभावानं, दर सात वर्षांनी ठरू लागला. कुळं मात्र अजून आहेतच.

‘कसेल त्याची जमीन’ ऐकत वाढलेल्या माणसाची इथं पंचाईत होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानं आमचे आजोबा कुळाचे मालक झाले. घरात त्या तारखेला दिवाळीइतका मान. इथं कसणारं कूळ म्हणजे वसाहतीला आलेल्याचा पणतू आणि मालक म्हणजे ज्याची हिसकावली तो. आमचा शेजारी, अगदी भला माणूस, म्हणतो, “अरे, चार पिढ्या आम्हीच राबलो ना या जमिनीत!” शब्द आजोबांचे वाटतात, तरी माझ्याच्यानं मान डोलवत नाही. (माझा पगारही याच गवतावर निघतो, हे तो सांगत नाही, एवढा त्याचा चांगुलपणा.)

म्हणून पाट्यांच्या यादीत माझं मन रमत नाही. इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा आपण २०१३ संपेपर्यंत वापरला, त्यावर धरणाखालची गावं उठवली, तेव्हा तो कुणाला गुलामीची खूण वाटला? आणि कोल्हापूर-सांगलीकडचे शेतकरी शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीला आडवे गेले, तर ग्रुपवर त्यांना विकासाचे वैरी ठरवणारेच पाट्यांच्या यादीत सगळ्यांत पुढे!

पारिहाकात येऊन सरकारनं २०१७ मध्ये माफी मागितली. शेजाऱ्याचा करार मात्र चालू आहे. तो त्यानं उद्या विकायला काढला तर पहिला हक्क माओरी मालकांचा. फक्त बाजारभावानं पैसे मोजायचे, स्वतःचीच जमीन सोडवायला.