दुसऱ्यांदा जोड लागली तेव्हा काय केलं?

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात कुस्ती बघणारा माणूस निकाल ऐकून गप्प बसत नाही. कुठल्या डावावर पडला, आणि परत जोड लागली तर तोच डाव बसेल का, हे तो लगेच विचारतो. पण बॉक्सिंगचा विषय निघाला की हीच जाणती मंडळी रील बघून वाद घालतात. एका बाजूला टायसनचे नॉकआउट, दुसऱ्या बाजूला अलीचे नाचणारे पाय, आणि खाली 'कोण भारी' म्हणून कॉमेंटींचा पाऊस.

आखाड्यातला आपला प्रश्न रिंगमध्येही विचारायला हवा, असं मला मनापासून वाटतं. ठोशाचा जोर, नॉकआउटची संख्या, न हरल्याचा विक्रम हे सगळं नंतर. ज्याने याला एकदा पाडलं किंवा जेरीस आणलं, त्याच्यासमोर हा परत उभा राहिला तेव्हा याने काय बदललं? हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात जड वजनगटात, हे जास्तच महत्त्वाचं, कारण तिथे एक ठोसा नीट बसला की आधीच्या दहा राउंडची कमाई गेली. चूक तशीच ठेवून तिथे फार दिवस निभत नाही.

जो लुईसपासून सुरुवात करतो. १९ जून १९३६ला मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या राउंडमध्ये निकाली हरवलं. श्मेलिंगने लुईसच्या लढतींच्या फिल्म बघून एकच गोष्ट हेरली होती. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून झाल्यावर लुईसचा डावा हात आला त्या वाटेने परत न जाता खाली उतरायचा. हात उतरला की गाल उघडा. श्मेलिंगचा उजवा ठोसा त्या डाव्या हातावरून आत यायचा. चौथ्या राउंडला लुईस पहिल्यांदा खाली गेला, आणि पुढे तोच ठोसा तो खात राहिला. दोन वर्षांनी, २२ जून १९३८ला, न्यूयॉर्कच्या त्याच यँकी स्टेडियममध्ये लुईसने श्मेलिंगला उजवा हात जुळवायला जागाच दिली नाही. घंटा वाजताच अंगावर गेला, त्याला दोरांवर रेटलं, बरगडीखाली उजवा घातला. २ मिनिटं ४ सेकंदांत खेळ संपला. रील बघणाऱ्याला यात नुसता राग दिसतो. खरं तर लांबून जॅबचा खेळ खेळला तर उजवा हात येणार हे लुईसला ठाऊक होतं, म्हणून त्याने लांबचा खेळ होऊच दिला नाही. किताब त्याने २५ वेळा राखला, पण माझ्या लेखी त्याचं मोठेपण त्या दोन मिनिटांत जास्त आहे.

अलीबद्दल मात्र सविस्तर बोलावं लागेल, कारण त्याच्या तंत्रात चुका भरपूर होत्या आणि तरी तो जिंकायचा. हात कमरेशी, डोकं सरळ मागे नेऊन ठोसा चुकवायचा, पोटावर जवळपास मारायचाच नाही. कुठलाही वस्ताद पोराला असं करू देणार नाही. पाय आणि नजर तरुण होती तोवर ते खपलं. एडी फच नावाच्या ट्रेनरने नेमक्या याच भेगा शोधल्या. अली उजवा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारायला हात खाली नेतो तेव्हा उजवा गाल उघडा पडतो, हे त्याने जो फ्रेझिअरच्या डोक्यात बसवलं. ८ मार्च १९७१, पंधरावा राउंड, अलीचा उजवा हात खाली गेला आणि फ्रेझिअरचा डावा हूक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, आला. अली पाठीवर. फ्रेझिअर सहा फुटांनाही कमी, कंबरेतून डुलत, पट काढायला येणाऱ्या मल्लासारखा खालून आत शिरायचा. १९७३ला केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला, तेव्हाही नॉर्टनच्या कॉर्नरमध्ये, म्हणजे राउंडच्या मधे सांभाळणाऱ्या माणसांत, फचच होता. अलीने जॅब टाकला की त्याच क्षणी आपलाही जॅब टाकून पाऊल पुढे, एवढी साधी ती युक्ती.

आता परतफेड बघा. जानेवारी १९७४ला अलीने फ्रेझिअरला आत येऊ दिलं, पण आत आल्यावर मारू दिलं नाही. फ्रेझिअर जवळ आला की डाव्या हाताने मान धरून खाली दाबायची, उजव्याने त्याचा डावा हात अडकवायचा, रेफरी सोडवेपर्यंत श्वास घ्यायचा, सुटल्यावर दोन-तीन झटपट ठोसे आणि बाजूला. मान दाबणं नियमात बसत नाही, रेफरी कडक असता तर गुण गेले असते. दिसायला कंटाळवाणं, पण बारा राउंडनंतर गुणांवर निकाल अलीचाच झाला.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला किन्शासात जॉर्ज फोरमन. अली दोरांवर रेलला आणि फोरमन दमला, एवढंच सगळे सांगतात. का दमला ते कोणी सांगत नाही. दोर ढिले होते, म्हणून अलीचं धड मागे झुकून ठोशाच्या टप्प्याबाहेर जायचं. फोरमनचे ठोसे बाजूने फिरून येणारे, ते दंडावर आणि कोपरांवर संपायचे. हवा दमट. आणि अली नुसता झाकून बसला नव्हता, मधेच सरळ उजवा तोंडावर टाकत होता, जवळ आला की मान दाबून आपला भार फोरमनच्या पाठीवर टाकत होता. आठव्या राउंडला फोरमन पडला. हीच युक्ती अलीने फेब्रुवारी १९७८ला लिऑन स्पिंक्सवर लावली आणि सपशेल फसली. स्पिंक्स फोरमनसारखा एकेक मोठा ठोसा घालत नव्हता, आखूड आणि पुष्कळ मारत होता, तरुण होता, दमलाच नाही. अली दोरांवर बसून सुरुवातीचे राउंड घालवत गेला. सप्टेंबरमध्ये परत गाठ पडली तेव्हा छत्तीस वर्षांचा अली दोरांकडे फिरकला नाही. जॅब, मिठी, दोन पावलं बाजूला, पंधरा राउंड हेच. फ्रेझिअर, नॉर्टन, स्पिंक्स या तिघांचेही हिशेब त्याने चुकते केले. उतारवयात होम्स आणि बर्बिककडून झालेल्या हारींची परतफेड झाली नाही, पण त्या लढती त्याने खेळायलाच नको होत्या.

टायसनवर प्रेम करणारे चिडतील, पण लिहितो. १९८६ ते १९८८चा टायसन बघताना आजही अंगावर काटा येतो. दोन्ही हात गालाला, डोकं एका जागी कधीच नाही, जॅबच्या बाहेरून आत, उजवा बरगडीला आणि तोच उजवा लगेच हनुवटीला. वीस वर्षांच्या वयात चॅम्पियन. पण ही पद्धत रोजच्या घोटवणुकीवर उभी होती. त्याला घडवणारा वस्ताद कस डिमॅटो १९८५ला गेला, ट्रेनर केव्हिन रुनीला १९८८ला काढलं, आणि डोकं हलणं थांबलं. ११ फेब्रुवारी १९९०ला टोकियोत बस्टर डग्लसचा जॅब त्या थांबलेल्या डोक्यावर येत राहिला. कॉर्नरची तयारी अशी की डोळ्याची सूज दाबायला लागणारा थंड धातूचा तुकडाही आणला नव्हता, रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून काम चालवलं. दहाव्या राउंडला टायसन गुडघ्यांवर माउथपीस शोधत होता. पुढे १९९६ला होलीफिल्ड. टायसनने झेप घेतली की बाकीचे मागे सरायचे, हा पुढे सरायचा, खांदा लावायचा, दंड धरायचा. टायसनच्या ठोशाला हात फिरायला जागा लागते, ती त्याला मिळेना. १९९७ला परत जोड लागली आणि उत्तर म्हणून निघाला तो कानाचा चावा. माझ्या मोजपट्टीवर टायसन इथे मागे पडतो. एका रात्रीपुरता १९८८चा टायसन कोणालाही भारी पडला असता, हे मात्र मान्य.

लेनॉक्स लुईसला आपल्याकडे कोणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. १९९४ला ऑलिव्हर मकॉलने त्याला दुसऱ्या राउंडला झोपवलं. लुईसने उजवा टाकला त्याच वेळी मकॉलचा आखूड उजवा आत पोचला. ती चूक हेरणारा मकॉलचा ट्रेनर इमॅन्युएल स्टुअर्ड. लुईसने काय केलं? स्टुअर्डलाच आपला वस्ताद केलं. तोल सुधारला, जॅबमागे वजन आलं. २००१च्या एप्रिलला दक्षिण आफ्रिकेत, उंचावरच्या हवेत, तो उशिरा पोचला, अंगाने जड होता, हात खाली ठेवून दोरांकडे सरकला आणि हसीम रहमानच्या एका उजव्याने पाचव्या राउंडला पडला. नोव्हेंबरमध्ये त्याच रहमानला चौथ्या राउंडला पाडलं, जॅबने बांधून ठेवून. त्याआधी १९९९ला होलीफिल्डबरोबर झालेली बरोबरीही त्याने त्याच वर्षात विजयात बदलली होती. मकॉलबरोबरची दुसरी लढत मी धरत नाही, कारण मकॉल रिंगमध्येच मनाने कोसळला होता. आणि २००३ला व्हिताली क्लिच्को गुणांवर पुढे असताना जखमेमुळे थांबला, त्याच्याशी लुईस परत खेळला नाही. तेवढं त्याच्या नावावर बाकी राहिलं.

रॉकी मार्सियानोचे ४९ लढतींत ४९ विजय सगळ्यांना पाठ असतात. मला त्याहून त्याच्या जर्सी जो वॉलकॉटशी झालेल्या दोन गाठी आवडतात: पहिल्या गाठीत मार्सियानो पहिल्याच राउंडला खाली, गुणांवर मागे, तेराव्याला एका उजव्याने वाचला. दुसऱ्या गाठीत पहिल्या राउंडलाच काम तमाम.

अलीकडचं उदाहरण टायसन फ्युरी. २०१८ला डिऑन्टे वाइल्डरबरोबर बरोबरी, नवव्या आणि बाराव्या राउंडला पडला होता. २०२०ला तो आधीच्या २५६ पौंडांऐवजी २७३ पौंड वजनाने आला आणि सतत पुढे चालत राहिला. वाइल्डरचा उजवा सुटायला मागचा पाय रोवलेला लागतो. मागे मागे ढकलल्या जाणाऱ्या माणसाचा पाय रोवला जात नाही. त्यात मिठीत २७३ पौंडांचा भार मानेवर. सातव्या राउंडला वाइल्डरच्या कॉर्नरने हार मानून टॉवेल टाकला.

तालमीतून बॉक्सिंगकडे वळणाऱ्या पोरांनी या लढती आवाज बंद करून बघाव्यात. एक राउंड तीनदा लावा. पहिल्यांदा फक्त पुढचा पाय, दुसऱ्यांदा जॅब मारलेला हात कुठल्या वाटेने परत येतो, तिसऱ्यांदा मिठी सुटल्यावर पहिला ठोसा कोण टाकतो. कुस्तीच्या पोरांची मान आणि कंबर तयार असते, पण पाय समोरासमोर आणि डोकं पुढे, त्यामुळे साध्या जॅबनेही ती मागे कलंडतात. पाय तिरके, खांद्याएवढं अंतर, मागची टाच किंचित वर. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा. पाय जुळले त्या क्षणी ठोसा बसला तर बसकण ठरलेली. जॅबचा हात उतरत असेल तर १६ औंसचे ग्लोव्ह घालून तीन मिनिटांचा राउंड लावा आणि हात उतरेल तेव्हा तेव्हा जोडीदाराला वरून हलका उजवा टेकवायला सांगा. सांगून न सुटणारी सवय अशी सुटते.

फोरमनला अलीशी दुसरी लढत मिळालीच नाही. तरी ५ नोव्हेंबर १९९४ला, पंचेचाळीसाव्या वर्षी, मायकेल मूररसमोर उतरलेला फोरमन वेगळाच होता. फिरवून मारणं बंद, हात आडवे छातीसमोर, जड जॅब, श्वास सांभाळून. नऊ राउंड गुणांवर मागे, दहाव्याला आखूड सरळ उजवा, आणि मूरर खाली. फोरमनच्या कॉर्नरमध्ये होता ट्रेनर अँजेलो डंडी, किन्शासात अलीच्या कॉर्नरला असलेला तोच.

माझा क्रम: अली, जो लुईस, लेनॉक्स लुईस, मग फोरमन. टायसन पहिल्या पाचात बसत नाही. कॉमेंटमध्ये भांडा, पण दुसऱ्या लढतीचं नाव घेऊन भांडा.