‘दहा वेळा वाचा, चार तास झोपा’ : टॉपर्सच्या नावाने फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

परीक्षा जवळ आल्या की ‘टॉपर्सचे सात नियम’ नावाचा मेसेज फिरायला लागतो. एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण परवा माझ्या भाचीच्या वहीच्या पहिल्याच पानावर तो सुवाच्य अक्षरात उतरवलेला दिसला. वर्गाच्या ग्रुपवर कुणा पालकांनी टाकला होता आणि पोरगी इमानेइतबारे त्याप्रमाणे वागत होती. डोळे तारवटलेले, बोलायला गेलं की चिडचिड, आणि वर एकच पालुपद : ‘मावशी, मी सगळं वाचते गं, पण आठवतच नाही. माझी स्मरणशक्तीच कमी आहे.’

तिची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. बिघाड त्या मेसेजमध्ये आहे.

ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी सात नियम थोडक्यात. एक, प्रत्येक धडा किमान दहा वेळा वाचा. दोन, महत्त्वाच्या ओळी हायलायटरने रंगवा. तीन, आपण ‘बघून शिकणारे’ की ‘ऐकून शिकणारे’ ते ओळखून तसाच अभ्यास करा. चार, वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के आणि दुसऱ्याला शिकवलेलं ९० टक्के लक्षात राहतं. पाच, एक विषय पूर्ण संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. सहा, परीक्षेच्या महिन्यात चार तास झोप पुरते. सात, शेवटच्या दिवसांत सराव प्रश्नपत्रिका सोडवू नका, चुका दिसल्या की आत्मविश्वास जातो.

सुरुवात सातव्या नियमापासून करते, कारण तो आणि पहिला मिळून सगळ्यात जास्त नुकसान करतात. नुसतं वाचत राहा आणि स्वतःची परीक्षा घेऊ नका, असा त्या दोघांचा एकत्रित अर्थ होतो. हे जे सत्य आहे त्याच्या बरोबर उलट आहे.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने चारही सत्रांत तो उतारा फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पहिल्या गटाचा उतारा सरासरी चौदा वेळा वाचून झाला, दुसऱ्याचा तीन-साडेतीन वेळा. एका आठवड्यानंतर पुन्हा लिहायला सांगितलं, तेव्हा नुसत्या वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि या मुलांना त्यांच्या चुका कुणी तपासूनही दिल्या नव्हत्या. नुसतं डोक्यातून बाहेर काढण्याच्या खटपटीने एवढा फरक पडला.

आता मेसेजच्या बाजूने जे थोडंफार आहे, तेही सांगायला हवं. त्याच प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारेच पुढे होते, ८३ विरुद्ध ७१. म्हणजे वर्गाच्या दारात उभं राहून शेवटची नजर फिरवली तर उपयोग होतो, हे मान्य. ‘मी तर असंच वाचून पास झालो’ म्हणणाऱ्यांचा अनुभवही बहुधा याच पाच मिनिटांचा असतो. पण वार्षिक परीक्षेला वर्षभराचा अभ्यास लागतो, पाच मिनिटांपूर्वीचा नाही.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढे आहे. आठवड्यानंतर किती आठवेल असं वाटतं, हेही त्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं. सर्वांत जास्त खात्री होती ती फक्त वाचणाऱ्या गटाला! सातवा नियम ज्या आत्मविश्वासाला जपायला सांगतो तो हा असा असतो. पाचव्यांदा वाचताना वाक्य ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतं असा समज होतो. उत्तरपत्रिकेवर मात्र ओळखायचं नसतं, आठवायचं असतं.

भाचीला मी पुस्तक मिटून ओहमचा नियम लिहायला सांगितला. हा धडा तिने इतक्या वेळा वाचला होता की पानावर आकृती कुठे आहे तेही तिला पाठ होतं. तिने लिहिलं : ‘वाहकातून वाहणारी विद्युतधारा त्याच्या दोन टोकांमधील विभवांतराशी समानुपाती असते.’ पुस्तक उघडून ताडून बघायला लावलं. ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ ही अट गळाली होती. ती म्हणाली, ‘अगं, हे तर मला माहीत होतं!’ माहीत होतंच. पण परीक्षेत ही अट सुटली असती तर गुण गेला असता, आणि आणखी दहा वेळा वाचूनही ती सुटते आहे हे तिला कळलं नसतं. ते कळलं कोऱ्या कागदामुळे. मग मी विचारलं, ही अट कशाला हवी? थोडा वेळ गप्प बसली आणि मग स्वतःच म्हणाली, तार तापली की रोध बदलतो, म्हणून. आता ती अट ती विसरेल असं मला वाटत नाही.

प्रश्नपत्रिका सोडवताना चुका दिसणारच, त्या दिसाव्यात म्हणूनच ती सोडवायची. घड्याळ लावून, पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून. मग वेगळ्या रंगाच्या पेनाने स्वतःच तपासायची आणि चुकलेले प्रश्न दोन-तीन दिवसांनी पुन्हा करायचे. लगेच त्याच संध्याकाळी केले तर उत्तर अजून डोळ्यांसमोर असतं, त्याचा फारसा उपयोग नाही. आणि गाईडमधली तयार उत्तरं वाचून काढणं म्हणजे प्रश्नपत्रिका सोडवणं नव्हे. बरीच मुलं हेच करतात आणि ‘पाच पेपर झाले’ म्हणतात. पहिल्या पेपरला कमी गुण पडले की मूल हिरमुसतं, हे खरं आहे. तेव्हा मोठ्यांनी जवळ बसावं, कुठे चुकलं ते सोबत बघावं. पेपरच लपवून ठेवला तर तेच हिरमुसणं परीक्षेच्या दालनात वाट्याला येतं, आणि तिथे जवळ बसायला कुणी नसतं.

आता सहावा नियम, ज्याने मला खरा संताप आला. चार तास झोप? अमेरिकेतल्या झोपविषयक डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी रोज ८ ते १० तास झोपेची शिफारस केली आहे. मेसेजवाले त्यातल्या किमान गरजेच्याही निम्म्यावर आणून ठेवतात, तेही महिनाभर. दिवसा शिकलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो. म्हणजे रात्री जागून जे वाचलं ते टिकवण्याची वेळच काढून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पेंगुळलेल्या डोक्याने गणितं करायची. सोप्या बेरजेत चूक होते, प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द नजरेतून निसटतो, आणि मूल स्वतःला ‘ढ’ समजायला लागतं. पहाटे उठून अभ्यास करायला माझी हरकत नाही, काहींना ती वेळ मानवते. पण मग रात्री तितक्या लवकर झोपायला हवं. हे अर्धं वाक्य मेसेजमध्ये नाही.

पाचवा नियम, एक विषय संपवूनच दुसरा. ऐकायला शिस्तीचं वाटतं. पण विषय ‘संपवून’ तीन आठवडे बाजूला ठेवला की त्यातला बराचसा भाग निसटतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होतं. म्हणून एका धड्याला सलग चार तास देण्यापेक्षा तेच चार तास तीन-चार दिवसांत विभागून, मध्ये अंतर ठेवून दिले तर जास्त टिकतं. गणितात तर प्रकार मिसळूनच सोडवावेत. वर्गसमीकरणाची वीस उदाहरणं ओळीने केली की एकविसाव्याला कोणती रीत वापरायची हा प्रश्नच उरत नाही, हात आपोआप चालतो. परीक्षेत मात्र शेजारी अंकगणिती श्रेढी असते, त्याखाली संभाव्यता असते, आणि रीत ओळखणं हेच अर्धं काम असतं. मिसळून सराव करताना जास्त अडायला होतं, वेळ लागतो. लागू द्या.

बाकीच्या तीन नियमांवर फार शब्द खर्च करत नाही. ‘बघून शिकणारे, ऐकून शिकणारे’ ही वाटणी लोकप्रिय आहे. पण तसं वर्गीकरण करून शिकवल्याने जास्त फायदा होतो याचा पुरेसा पुरावा नाही, हे २००८ सालच्या एका मोठ्या आढाव्यात स्पष्ट झालं आहे. नकाशा सगळ्यांनीच बघून शिकायचा आणि कवितेची चाल सगळ्यांनीच ऐकून. १०, २०, ९० टक्क्यांचे ते गोळीबंद आकडे ज्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवले जातात, त्यांच्या १९४६ सालच्या ‘अनुभवांचा शंकू’ या मूळ आकृतीत एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. दुसऱ्याला समजावून सांगितल्याने विषय पक्का होतो एवढं मात्र बरोबर, कारण तिथेही पुस्तकाशिवाय आठवावं लागतं. हायलायटरबद्दल म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती पडताळल्या, त्यात ओळी रंगवणं आणि पुन्हापुन्हा वाचणं या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या. सर्वांत उपयुक्त ठरल्या त्या दोन : स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं.

राहता राहिला भाचीचाच प्रश्न : ‘आता दिवसच थोडे उरलेत, मग काय करू?’ पहिल्या धड्यापासून वाचायला घेऊ नको. आज एक जुनी प्रश्नपत्रिका काढ, पुस्तक न उघडता सोडव, आणि जिथे पेन थांबलं त्या प्रश्नांसमोर खूण कर. उद्या फक्त तेवढेच धडे उघडायचे, समजून घेऊन पुस्तक मिटून लिहायचे, आणि परवा त्यातलं काय उरलंय ते पुन्हा कोऱ्या कागदावर बघायचं. रात्री वेळेवर दिवा बंद. आणि वहीचं ते पहिलं पान फाडून टाक, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर ओहमचा नियम लिही, अटीसकट.