हिरवं दिसतं म्हणून जंगल?

पोळ्याला गावी गेलो होतो. आमच्या बर्डीचा, म्हणजे गावच्या टेकडीचा, ड्रोन व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरत होता. खाली ओळ, 'धुळ्यातलं कोकण'. (खान्देशानं खान्देशासारखं दिसलं तर काय बिघडतं, देव जाणे.)

त्या हिरवाईत बहुतेक सगळं गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) आणि सुबाभूळ. दोन्ही मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाची लाट होती, तेव्हा शाळेतून आमच्याही हातात सुबाभळीची रोपं आली. मीही एक लावलं. म्हणजे या गुन्ह्यात मीही आहे. अर्थात तेव्हा बर्डी बोडकी होती, सरपण आणि चारा हवा होता. लावणाऱ्यांना आज शहाणपण शिकवणं सोपं आहे.

बैलांसाठी गवत आणायला आप्पांबरोबर वर गेलो. ते गिरिपुष्पाखाली थांबलेच नाहीत. म्हणाले, "हाई काय जंगल शे भो? नुसता पाला शे." मी मात्र वाकून पाहिलं. टाकळा, गाजरगवत, कडेला घाणेरी, आणि सुबाभळीची बोटभर रोपं, वाफ्यात पेरल्यासारखी दाट. नाल्यापलीकडे चार जुने अंजन वृक्ष उरलेत. त्यांच्याखाली पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं, मधूनच धावड्याचं रोप, हेंकळ, बोर. आप्पांचा विळा तिथं चालू झाला.

एवढा फरक का पडतो? गिरिपुष्प आणि सुबाभूळ मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणतात, पालाही नत्राचाच. शेताच्या बांधावर हे वरदान. पण आमच्या मुरमाड उतारावरचं गवत आणि सालई-धावड्यासारखी झाडं गरीब जमिनीला सरावलेली. तिथं असं आयतं खत पडलं की तणाचं फावतं. त्यात सुबाभळीच्या शेंगांतून भरमसाट बी पडतं, कठीण सालीचं, वर्षानुवर्षं मातीत टिकणारं.

आता 'परदेशी हटाव' म्हणून कुणी नाचू नका. सीताफळही अमेरिकेचंच, आणि ते खान्देशातून काढा म्हटलं तर पहिला मी आडवा येईन. पाखरांच्या विष्ठेतून काही ठिकाणी गिरिपुष्पाच्या सावलीतही कडुनिंब आणि बोर उगवलेत. तिथली गिरिपुष्पं विरळ केली तर ही रोपं वर येतील. सरसकट कापलं तर बुंध्यातून धुमारे फुटतात, उघड्यावर सुबाभळीचं बी उठतं, घाणेरी पसरते. थोडं थोडं काढायचं, सुबाभळीची रोपं पावसातच उपटायची, चराई थांबवायची. आपल्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं कुऱ्हाड आणि चराई रोखून जंगल परत आणलं. त्या कामासाठी चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथं रानभाज्यांची स्पर्धा भरते. गिरिपुष्पाखाली भरवून दाखवा!

2019 मध्ये राज्यात 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. आकडा रोपांचा. झाडाखाली काय उगवलं, हे आप्पांसारखा गवत कापणारा सोडला तर कोण बघतो?

पुढच्या रविवारी सुबाभळीची रोपं उपटायला जातोय. माती ओली आहे, मुळासकट निघतात. माझ्या हातची ती जुनी सुबाभूळही तोडायला काढणार होतो, पण ती गावच्या गायरानात, म्हणजे आधी ग्रामपंचायतीत अर्ज. आप्पांनी मात्र सरपण आत्ताच सांगून ठेवलंय.