नव्या गाडीला गंज: टचअपची बाटली उघडायच्या आधी हे वाचा

गाडी दोन-तीन वर्षांची. दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली मोहरीएवढा फोड दिसतो आणि चार जण सांगतात, "पेपर मार, टचअप लाव, वाढायच्या आत संपव." माझं म्हणणं उलटं आहे. आधी हात लावू नका. तो गंज बाहेरून आत गेलाय की आतून बाहेर आलाय, हे ठरवा. दुरुस्ती कशी करायची, पैसे कोणी भरायचे आणि गंज परत येणार का, ही तिन्ही उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

आजकाल बाहेरचा पत्रा साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो. बऱ्याच गाड्यांत त्याला जस्ताचा थर असतो, त्यावर फॉस्फेट आणि मग बुडवून, वीज सोडून चढवलेला ई-कोट. हा थर जेमतेम २० मायक्रॉनचा (०.०२ मिलिमीटर), पण गंज अडवायचं खरं काम त्याचं. वरचा प्रायमर, रंग आणि सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट धरून सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉन होतात. सपाट पत्र्यावर हे थर नीट बसतात. गोची होते ती दुमडीत. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्यावर दुमडून दाबलेला असतो आणि त्या फटीत ई-कोट पुरेसा शिरत नाही. म्हणून तिथे चिकटद्रव्य, सीलर आणि शेवटी मेण अशी तिहेरी बांधबंदिस्ती असते. सीलरच्या रेषेत सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी पाणी आत ओढलं जातं आणि सहजासहजी बाहेर येत नाही. गंज मूळ लोखंडाच्या काही पट जागा व्यापतो, त्यामुळे तो रंगाला आतून उचलतो. तुम्हाला दिसतो तो फोड म्हणजे या सगळ्या प्रकाराचा शेवटचा अंक.

आता ओळखायचं कसं? चांगल्या उजेडात भिंग धरा. फोडाच्या मध्यभागी रंग फुटलेला असेल, टवका उडालेला असेल आणि तिथून गंज पसरला असेल, तर तो दगडाचा मार: बाहेरून आलेला. बॉनेटची पुढची कड, चाकाच्या कमानीची कड आणि छताचा काचेलगतचा भाग ही त्याची ठरलेली ठिकाणं. उलट रंग अखंड आहे, फोड गुळगुळीत आहे, एकाच रेषेत तीन-चार आहेत आणि ती रेष दुमडीला समांतर जाते, तर गंज आतून आलाय असं धरून चाला. दार उघडून खालच्या कडेच्या आतल्या बाजूला सीलरवर नख फिरवा. सीलर सुटलेला, तडकलेला किंवा त्याच्या कडेला तपकिरी ओघळ असेल, तर शंका उरत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे फसवा गंज. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर सगळीकडे, छतावरसुद्धा, बारीक नारिंगी ठिपके दिसतात आणि मालकाचा जीव खाली-वर होतो. बहुतेक वेळा ते रेल्वे, ग्राइंडिंग किंवा ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण असतात, क्लिअर कोटमध्ये रुतून गंजलेले. पत्रा शाबूत असतो. लोखंड काढणारं रसायन मारलं की ते कण जांभळे होऊन ओघळतात, उरलेले क्ले बारने, म्हणजे रंगावर घासायच्या मऊ मातीसारख्या वडीने, निघतात. यासाठी कोणी अख्खी गाडी रंगवायला सांगत असेल, तर तिथून निघा. पावसानंतर ब्रेक डिस्कवर येणारा तांबूस थरही असाच, चार वेळा ब्रेक दाबले की जातो.

वॉरंटीचं बघू. पुस्तिकेत बहुधा दोन वेगळी कलमं असतात आणि लोक ती एकच समजतात. एक रंगाची किंवा पृष्ठभागावरच्या गंजाची, कमी वर्षांची. दुसरी "परफोरेशन"ची, जास्त वर्षांची, पण त्यात बहुतेकदा पत्र्याला आतून बाहेरपर्यंत भोक पडणं अपेक्षित असतं. म्हणजे फोड दिसतोय, पण भोक नाही, तर मोठ्या आकड्याची वॉरंटी उपयोगाची नाही. लहान आकड्याच्या मुदतीतच तक्रार जायला हवी. दगडाचा मार, अपघाताची दुरुस्ती, नंतर पाडलेली भोकं हे सहसा वगळलेलं असतं. काही कंपन्या दरवर्षी बॉडी तपासणीचा शिक्काही मागतात. तुम्ही आधीच घासून टचअप लावला असेल, तर समोरच्याला आयतं कारण मिळतं. म्हणून फोटो आधी: एक लांबून, एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून, आणि एक दुमडीच्या आतल्या बाजूचा. तक्रार लेखी द्या आणि जॉब कार्डवर "रंग अखंड, दुमडीवर फोड" असे शब्द लिहून घ्या. "बघून घेतो"ला काही अर्थ नसतो.

सोबत रंगाची जाडी मोजून घ्या. मीटर हातात मावतो आणि वापरायला सोपा असतो. सगळी गाडी १२० मायक्रॉन दाखवते आणि फक्त तेच दार २५० दाखवतं, म्हणजे ते दार एकदा रंगवलेलं आहे. गाडी कोरी घेतली असेल, तर ते कधी आणि का रंगवलं, हा प्रश्न विचारायलाच हवा. आकडा ५०० च्या पुढे गेला तर खाली पुट्टी असण्याची शक्यता मोठी.

बाहेरून आलेल्या टवक्याची दुरुस्ती घरी होते, फक्त घाई नको. जागा धुवा, पूर्ण वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फायबर ग्लासच्या पेनाने फक्त टवक्याच्या आतला गंज खरवडा. आजूबाजूचं जस्त विनाकारण घासून काढू नका, कारण ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. पत्रा चकचकीत दिसला पाहिजे. खड्ड्यात काळे ठिपके उरले तर तो गंजच आहे. तिथे रस्ट कन्व्हर्टरचा, म्हणजे गंजाचं स्थिर थरात रूपांतर करणाऱ्या रसायनाचा, एक थेंब चालतो, पण त्याचा डबा वाचा. फॉस्फोरिक आम्लाचा असेल तर उरलेलं आम्ल पाण्याने काढून जागा वाळवावी लागते, नाहीतर वरचा प्रायमर धरत नाही. टॅनिक आम्लाचा असेल तर तो निळसर काळा थर तसाच ठेवायचा असतो. मग इपॉक्सी प्रायमर (हार्डनर मिसळून कडक होणारा), टूथपिकच्या टोकाने, खड्ड्याच्या आतच. तो सुकला की रंग दोन-तीन पातळ थरांत, दोन थरांमध्ये अर्धा तास. शेवटी क्लिअर, आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर येईल इतका. बाटलीच्या झाकणाला लावलेला ब्रश फेकून द्या, त्याने टवक्याच्या तिप्पट जागा रंगते. दोन-तीन दिवसांनी २००० आणि मग ३००० नंबरच्या पेपरने पाणी लावून समतल करा आणि पॉलिश मारा. रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. "पांढरा" एवढ्यावर बाटली आणू नका.

सपाट पत्र्यावर नाण्याएवढा फोड असेल तर काम पेंटरचं, पण त्याच्यावर नजर ठेवायला पायऱ्या माहीत असाव्यात. रंगाखालचा गंज दिसतो त्यापेक्षा नेहमी मोठा असतो, म्हणून फोडाच्या कडेपासून दोन-तीन सेंटीमीटर पुढे, चांगला पत्रा लागेपर्यंत सोलायचं. त्यासाठी ग्राइंडरची जाड चकती नको. एवढा पातळ पत्रा तापून वाकतो. स्ट्रिपिंग डिस्क किंवा ८० नंबरचा पेपर, मग १८०चा. उघड्या पत्र्यावर पाणी लावून घासायचं नाही, आणि त्याच दिवशी इपॉक्सीचे दोन कोट पडले पाहिजेत. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, अंदाजाने ओतायचं नसतं. पुट्टी लागली तर ती इपॉक्सीवर. इथेच सगळ्यात जास्त कामं बिघडतात: पुट्टी थेट पत्र्यावर भरतात, ती स्पंजासारखी ओल धरते, आणि काही महिन्यांत तोच फोड थोडा मोठा होऊन परत येतो. एच प्रायमर (पत्र्याला आम्लाने धरणारा, etch) मारला असेल तर त्यावर इपॉक्सी किंवा पुट्टी चढवू नये, खालचं आम्ल वरचं नीट कडक होऊ देत नाही. क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून जाणं घातक, त्यामुळे टू-के (हार्डनर मिसळायच्या) स्प्रेचा डबा घेऊन बंद गॅरेजमध्ये हौस भागवायला जाऊ नका.

आता मुख्य दुखणं, दुमडीतला गंज. स्पष्ट सांगायचं तर तो बाहेरून घासून, रंगवून जात नाही. फटीत पेपर जात नाही, प्रायमर जात नाही. वॉरंटीत दार किंवा त्याचा बाहेरचा पत्रा बदलून मागा. "रिपेंट करून देतो" यावर समाधान मानू नका. दार बदलून मिळालं तरी काम संपलं नाही. सुटं दार काळ्या ई-कोटमध्ये येतं आणि पेंटर ते घाईत घासताना कडेला पत्रा उघडा पाडतो. तिथे इपॉक्सी हवा, दुमडीवर सीलरची सलग रेष हवी आणि रंग पूर्ण पक्का झाल्यावर आत मेण हवं. तिन्ही गोष्टी जॉब कार्डवर मागा, कारण न मागता मेण मारलं जाईलच, याची खात्री नसते.

वॉरंटी संपली असेल आणि दार बदलायचं नसेल, तर गंज थांबत नाही, फक्त मंदावतो; हे मान्य करून पुढे चला. दारातली पाण्याची भोकं मोकळी करा, दार काही दिवस कोरड्या उबदार जागेत वाळू द्या, बाहेरचं रंगकाम आधी उरका. मगच आत पातळ, फटीत झिरपणारं कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) मारा. क्रम उलटा केलात तर झिरपलेल्या मेणावर रंगाला माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. लांब नळी आणि चहूबाजूंनी फवारणारं तोंड घ्या, नळी पार टोकापर्यंत घाला आणि फवारत हळूहळू मागे ओढा. काचेची मोटर, स्पीकर आणि सीट बेल्टची यंत्रणा यांच्यावर मेण जाऊ देऊ नका.

नव्या गाडीवर तासाभरात मारून मिळणाऱ्या काळ्या अंडरबॉडी कोटिंगबद्दल मी कडवट आहे. धुतलेल्या, अजून ओल्या पत्र्यावर रबराचा थर बसला की खाली ओल कोंडते. तो कडक होऊन तडकतो आणि वरून सगळं ठीक दिसत असताना खाली गंज आरामात चालतो. त्यात निचऱ्याची भोकंही बुजतात. सिरॅमिक कोटिंग आणि पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) यांचाही दुमडीशी संबंध नाही. पीपीएफ दगडाच्या मारापासून वाचवते, बस.

निचरा तपासायची युक्ती सोपी आहे. काच खाली करा, काचेच्या रबराशेजारून अर्धा लिटर पाणी हळू सोडा आणि दाराखाली बघा. दोन-तीन ठिकाणांहून लगेच ओघळलं पाहिजे. दार हलवल्यावर आत पाणी डचमळत असेल, तर केबल टायचं टोक घालून भोकं साफ करा. मेण मारल्यानंतरही हीच तपासणी पुन्हा करा. पहिल्या उन्हात दाराखालून पिवळसर थेंब गळतील, ती गळती नव्हे. रंगावर आलेलं मेण व्हाइट स्पिरिट लावलेल्या फडक्याने टिपून घ्या आणि दुमडीतलं तसंच राहू द्या.